बोटीवरचा पगार आणि घरातला हिशेब

तासगाव तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. अडीच एकर द्राक्षबाग, सोसायटी आणि बँक मिळून १४ लाखांचं कर्ज. मुलगा यंदा बारावी झाला. पीसीएमला ६४ टक्के, सीईटीला ७१ पर्सेंटाइल. शेजारच्या गावातला एक जण जहाजावर असतो, महिन्याला सहा लाख मिळवतो, 'तेही टॅक्स न भरता'. एका एजंटानं नऊ लाखांत 'डायरेक्ट जॉइनिंग' करून देतो असं सांगितलंय. ५० हजार टोकन देऊन झालेत, उरलेल्यासाठी अर्धा एकर गहाण टाकायची तयारी आहे. प्रश्न एकच: 'सगळ्यात जास्त पगाराची लाइन हीच ना?'

नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देईनच. पण पत्रासोबत तुम्ही एक कागद जोडलाय, त्यावर आधी बोलायला हवं. पत्र मी एकदा वाचलं. तो कागद पुन्हा पुन्हा पाहिला.

कागदावर वरती लिहिलंय: सहा लाख गुणिले बारा, ७२ लाख. खाली पहिलं वर्ष: सोसायटी आणि बँक निल. दुसरं वर्ष: सांगलीत फ्लॅट. तिसरं वर्ष: मुलीचं लग्न, १५ लाख. चौथं वर्ष: शेततळं आणि शेजारची दोन एकर. मुलाचं वय अठरा. त्याचा अजून कुठे प्रवेश नाही, त्याची वैद्यकीय तपासणी नाही, आणि त्याच्या बावीसाव्या वर्षापर्यंतची कमाई वाटून झाली आहे. या चार वर्षांत त्याच्या स्वतःच्या नावापुढे एकही ओळ नाही.

मुलीच्या नावापुढे फक्त लग्न आहे. ती दहावीत आहे असं तुम्हीच लिहिलंय. तिच्या शिक्षणाचा रकाना कागदावर कुठेच नाही. तुम्ही तिच्याबद्दल विचारलं नाहीत, तरी हे नजरेआड करता येत नाही.

पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे: 'मुलाला विचारलं तर काही बोलत नाही, म्हणजे त्याची हरकत नाही.' हे मला पटत नाही. अठरा वर्षांचा मुलगा वडिलांसमोर गप्प बसतो याची कारणं बरीच असतात. घरात कर्जाची बोलणी तो रोज ऐकतो. बाग दोनदा अवकाळीत गेली, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. वडील जमीन गहाण टाकतोय म्हणतात, तेव्हा 'मला नको' म्हणायला कुठलं तोंड उरतं? त्याच्या गप्प बसण्यात होकार असेलही. पण तुम्ही तो गृहीत धरलाय, आणि त्या गृहीतावर अर्धा एकर लावताय. कर्ज तुमचं आहे. ते त्याच्या डोक्यावर ठेवायचं की नाही हा घरातला निर्णय, पण निदान त्याला विचारून घ्या. विचारतानाही 'जातोस ना?' असं विचारू नका. 'तुला काय करायचंय?' असं विचारा आणि उत्तर यायला दोन-चार दिवस लागले तर लागू द्या.

आता पगाराकडे येऊ. मर्चंट नेव्हीत पैसा चांगला आहे, यात शंका नाही. मोठ्या टँकरचा कॅप्टन किंवा चीफ इंजिनिअर महिन्याला दहा हजार डॉलरच्या घरात मिळवतो, काही त्याहून जास्त. पण सहा लाख हा सुरुवातीचा पगार असतो, हा तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, आणि तुमचा सगळा कागद त्याच्यावर उभा आहे. सहा लाख म्हणजे साधारण चीफ ऑफिसर किंवा सेकंड इंजिनिअरचा पगार. तिथे पोचायची वाट अशी: डेक, म्हणजे जहाज हाकणाऱ्या विभागात एक वर्षाचा डिप्लोमा, मग कॅडेट म्हणून अठरा महिने समुद्रावर. त्या काळात हातात पडतात काही शे डॉलर, तेही पगार म्हणून नाही, स्टायपेंड म्हणून. मग सरकारी परीक्षा, ती लेखी असते आणि तोंडीही. ती सुटली की थर्ड ऑफिसर. मग सेकंड. मग पुन्हा समुद्रावरचे ठरावीक महिने भरून पुढची परीक्षा, तेव्हा चीफ ऑफिसर. कॅप्टन होईपर्यंत बहुतेकांची तिशी येते. शिवाय गुणिले बारा होत नाही. पगार कॉन्ट्रॅक्टवर असेपर्यंतच असतो. चार-सहा महिने जहाजावर, मग दोन-तीन महिने घरी, आणि घरी असताना बहुतेक कंपन्या काही देत नाहीत. बाजार मंद असला तर ते दोन-तीन महिने लांबतात, कॅडेटना तर पहिल्या जहाजासाठी वर्षभरही थांबावं लागतं. नवी बाग लावल्यावर पहिल्या वर्षी तुम्ही वेलीला घड धरत नाही, आधी खोड आणि ओलांडे तयार करता. हे तुम्हाला मी सांगायला नको.

'टॅक्स नाही' हेही अर्धंच खरं आहे. आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी असेल तर तो अनिवासी ठरतो आणि परदेशी फेऱ्यांच्या जहाजावरचा पगार करमुक्त राहू शकतो. दिवस भरले नाहीत, किंवा भारताच्या किनाऱ्यावरच फिरणाऱ्या जहाजावर काम मिळालं, तर इतरांसारखाच कर भरावा लागतो.

आणि इतका पैसा का देतात, हेही बघा. सहा-सहा महिने घर नाही. सण, आजारपण, एखाद्याचं जाणं, सगळं फोनवर. इंजिनरूममध्ये चाळीस-पंचेचाळीस अंशांत काम. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर क्षेपणास्त्रं पडली, खलाशी मेले. ज्याला हे आवडतं त्याच्यासाठी ही सुंदर नोकरी आहे. असे बरेच जण मला भेटलेत, ते पन्नाशीतही समुद्राबद्दल भरभरून बोलतात. पण ढकलून पाठवलेला मुलगा दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टनंतर परत जात नाही, आणि मग त्याच्याकडे ना डिग्री असते ना जमीन.

एजंटाबद्दल मी स्पष्ट बोलणार आहे. त्याला आणखी एक रुपया देऊ नका. तुम्ही पाठवलेल्या पावतीवर लिहिलंय 'एसटीसीडब्ल्यू बेसिक, सीडीसी, जॉइनिंग'. पहिलं म्हणजे आग विझवणं, समुद्रात जीव वाचवणं, प्रथमोपचार असे थोड्या दिवसांचे अभ्यासक्रम. मान्यताप्राप्त संस्थेत ते काही हजारांत होतात. सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक, त्याची फी किरकोळ आहे. म्हणजे नऊ लाखांतली जवळजवळ सगळी रक्कम 'जॉइनिंग'ची, आणि जॉइनिंगसाठी खलाशाकडून पैसे घेणं कायद्यानं बंद आहे. जागतिक मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन भारतानं २०१५ मध्ये स्वीकारलं. त्यात स्पष्ट आहे की नोकरी लावून देण्याचा खर्च खलाशावर टाकायचा नाही. नोकरी लावणाऱ्या कंपनीला मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा, म्हणजे डीजी शिपिंगचा, आरपीएसएल परवाना लागतो. परवानाधारकांची यादी त्यांच्या वेबसाइटवर कोणालाही बघता येते. तुमच्या पावतीवर परवाना क्रमांक नाही. एजंटाला फोन करून क्रमांक मागा. काय उत्तर येतं त्यावरून बरंच कळेल.

पावतीवर 'ऑफिसर' हा शब्दही कुठे नाही. जहाजावर काम करणारा प्रत्येक जण मर्चंट नेव्हीतच असतो, डेक घासणारा आणि दोर ओढणारा खलाशीसुद्धा. ते काम कमीपणाचं मुळीच नाही. कोकणातल्या किती घरांनी पिढ्यानपिढ्या ते केलं आणि मुलं शिकवली. पण त्याचा पगार वेगळा, वाट वेगळी, आणि तुम्हाला स्वप्न कॅप्टनचं दाखवलंय. अशा 'डायरेक्ट जॉइनिंग'मधून मुलं परदेशात कुठल्यातरी जुनाट, छोट्या जहाजावर जातात, महिनोन् महिने पगार मिळत नाही, मालक जहाज सोडून पळतो, आणि मुलं तिथेच अडकतात. २०२४ मध्ये जगभरात असं वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत भारतीयांची संख्या सगळ्यात जास्त होती, असं आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं जाहीर केलं आहे. त्यात तुमच्या मुलाची भर पडू नये, एवढंच मला वाटतं. टोकनचे ५० हजार लेखी पत्र देऊन परत मागा. पत्राची प्रत आणि पावती जपून ठेवा. टाळाटाळ झाली तर पोलिसांत आणि डीजी शिपिंगकडे दोन्हीकडे तक्रार करा.

सरळ वाट अशी: बारावीला पीसीएम ६० टक्के, दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के, इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी, आणि शक्यतो आधी एखाद्या शिपिंग कंपनीची स्पॉन्सरशिप. स्पॉन्सरशिप नसेल तर प्रवेश घ्यायच्या आधी दहादा विचार करा, कारण कोर्स झाला आणि जहाज मिळालं नाही अशी मुलं खूप आहेत. संस्था लांब नाहीत. नेरूळची चाणक्य आहे, १९२७ साली मुंबईत सुरू झालेल्या 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजाची परंपरा तिच्याकडे आली. तळेगावजवळ इंदोरीला तोलानी आहे. मुलींनाही हे सगळं खुलं आहे, उलट त्यांना वयात आणि फीमध्ये सवलती आहेत. हे धाकटीच्याही कानावर घाला.

पण एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात, की मुलाला चष्मा आहे. एजंटानं त्याबद्दल विचारलं का? डेक विभागात, म्हणजे ज्यातून कॅप्टन होतात तिथे, नजरेचे निकष कडक आहेत आणि चष्मा हा मोठा अडथळा आहे. इंजिन विभागात ठरावीक नंबरापर्यंत चालतो. रंगांधळेपणा तर दिव्यांच्या रंगावरून समोरचं जहाज ओळखणाऱ्याला परवडत नाही. लाल दिवा डाव्या बाजूचा, हिरवा उजव्या. म्हणून कुठलाही फॉर्म भरण्याआधी डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडे त्याची तपासणी करून घ्या. काही हजारांचा खर्च आहे. अर्धा एकर पणाला लावण्याआधी तो झालाच पाहिजे.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. 'अभ्यास सोडून ब्लोअरचा एचटीपी पंप खोलून बसतो, भावकीतल्या चार जणांचे दुरुस्त करून दिले.' अहो, तुम्हाला त्याची आवड कशात आहे हे शोधायला माझ्याकडे यायचीच गरज नव्हती! दाबाखाली चालणारा फवारणीचा पंप खोलून परत चालू करणारा अठरा वर्षांचा मुलगा यंत्र समजून घेतोय. गुण ६४ टक्के पडले म्हणून त्याच्या हातातलं कसब कमी होत नाही.

म्हणून माझं मत असं. यंदा जहाज बाजूला ठेवा. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. मिरजेचं शासकीय तंत्रनिकेतन तुमच्या जवळ आहे. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलसाठी तिथे किंवा जिल्ह्यात जवळ जिथे मिळेल तिथे फॉर्म भरा. फी तुमच्या आवाक्यातली आहे, शासनाच्या शिष्यवृत्त्या आहेत, त्यांची कागदपत्रं आत्ताच काढून ठेवा. डिप्लोमाला चांगले गुण पडले तर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं, आणि आज ७१ पर्सेंटाइलवर न मिळणारं सांगलीच्या वालचंदसारखं इंजिनिअरिंग कॉलेजही तेव्हा आवाक्यात येऊ शकतं. आणि जहाजाचं दार बंद होत नाही. मेकॅनिकलच्या पदवीधराला एक वर्षाचा ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंग हा कोर्स करून इंजिन विभागात ऑफिसरच्या वाटेनं जाता येतं. इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी काही महिन्यांचा इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसरचा कोर्स आहे. तेव्हा तो तेवीसेक वर्षांचा असेल, जायचं की नाही हे स्वतः ठरवेल, आणि नाहीच गेला तरी हातात डिग्री असेल.

'सगळ्यात जास्त पगार कशात' याचं उत्तर कोणाही एकाला लागू होत नाही. सर्जन, सीए, चांगल्या कंपनीतला सॉफ्टवेअर इंजिनिअर, कॅप्टन, सगळे मिळवतात. त्यांच्यात सारखं एवढंच की कुठलंतरी अवघड काम ते आठ-दहा वर्षं टिकून करत राहिले. तुमचा मुलगा कशात टिकेल, हे बघायचंय. पंपाच्या बाबतीत तो टिकतो हे दिसतंय.

१४ लाखांच्या कर्जाबद्दलही बोला, पण मुलाशी नाही, बँकेशी. अवकाळीत बाग गेली असेल तर कर्जाचं पुनर्गठन, विम्याचा दावा, हे शाखाधिकाऱ्याकडे लेखी मागा. हे प्रश्न आजच्या आज सोडवायचे आहेत. ते मुलाच्या पहिल्या पगारापर्यंत थांबणार नाहीत, आणि त्याचा पहिला पगार त्यांना पुरणारही नाही.

या पत्राचं उत्तर तुम्ही नाही पाठवलंत तरी चालेल. मुलाला सांगा, त्याला लिहावंसं वाटलं तर त्यानं स्वतः लिहावं, तुम्हाला न दाखवता. त्याचं उत्तर मी त्याच्याच नावानं पाठवीन.