डिझेल गाडीचा इंधन पंप मधूनच दगा देत असेल तर

पंप बदलण्याची घाई करू नका. अधूनमधून होणाऱ्या बिघाडात पंपाइतकाच संशय फिल्टर, रिले (पंपाचा वीजपुरवठा चालू-बंद करणारा स्विच) आणि वायरिंगवरही घ्यावा लागतो. गाडी बंद पडली त्या वेळी इंजिन गरम होते की थंड, टाकीत डिझेल किती होते, चढ होता का, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवा. टाकी पाव भरलेली असतानाच त्रास होत असेल, तर टाकीतल्या शोषण नळीकडे आधी पाहावे.

फिल्टरकडे येणाऱ्या कमी दाबाच्या नळीत थोडा पारदर्शक तुकडा जोडून इंजिन चालू ठेवल्यास बुडबुडे सरकताना दिसतात, म्हणजे कुठेतरी सांध्यातून हवा शिरते आहे. अशा सांध्यातून डिझेल बाहेर गळेलच असे नाही, त्यामुळे कोरडी दिसणारी नळी निर्दोष समजू नये. टाकीत विद्युत पंप असेल, तर त्याच्या कनेक्टरवरचा व्होल्टेज पंप चालू असतानाच मोजा. बंद स्थितीत १२ व्होल्ट दाखवणारी वायर भार येताच ९ वर घसरू शकते, आणि दोष बहुधा गंजलेल्या अर्थिंगचा निघतो. मीही एकदा चांगला पंप विनाकारण बदलून बसलो आहे.

कॉमन रेल इंजिनात (ज्यात सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळते) इंजिनाच्या संगणकाने मागितलेला आणि प्रत्यक्ष रेल दाब निदानाच्या स्कॅनरवर शेजारी ठेवून, बिघाड होईपर्यंत गाडी चालवावी; आकडे वाचायला सोबत कोणीतरी हवेच. उच्च दाबाची नळी मात्र चालत्या इंजिनावर कधीही सैल करू नका, कारण हजार बारहून अधिक दाबाची ती धार थेट त्वचेत घुसते.