जनगणना आली की भाषेचे तेच ते प्रश्न

२०२७ ची जनगणना जवळ आली तसा पत्रांचा ढीग वाढला, आन निम्म्या पत्रांत गोंधळ एकच: आमची भाषा कोणती सांगायची? काही उत्तरं देतो.

वऱ्हाडी भाषा का बोली? (दर्यापूर)

मोजणीत ती मराठीतच धरल्या जाते. बोली म्हणजे कमी दर्जाची, असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

युनेस्कोनं म्हणे जगातल्या गोड भाषांचे नंबर काढले, मराठी कितवी? (मूर्तिजापूर)

युनेस्को असे नंबर काढत नाही. मेसेज डिलीट करा.

आम्ही घरी कोरकू बोलतो. मागच्या वेळी मोजणीवाल्यानं विचारलंच नाही, सगळ्यांपुढं मराठी लिहून गेला. यंदा काय करावं? (धारणी)

यंदा त्याला बसवा, चहा पाजा, पण फॉर्म डोळ्यादेखत भरून घ्या. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी जी बोलायची ती, शाळेतली नाही आन बाजारातली तर नाहीच. हा रकाना घरातल्या दर माणसाचा वेगळा असतो, म्हणजे सासू कोरकू आन सून मराठी असू शकते, आन तुम्ही सांगाल तेच त्यानं लिहायचं, स्वतःचा अंदाज नाही. मराठी-हिंदी येत असेल, तर येणाऱ्या आणखी दोन भाषांसाठी जागा वेगळी आहे, तिथं लिहा.

मी एवढं डोकं का खातो ते सांगतो. २०११ मध्ये लोकांनी मातृभाषेची १९,५६९ नावं सांगितली, ती छाननी करून १,३६९ वर आली, त्यातून दहा हजारांवर बोलणारे असलेल्या २७० मातृभाषा निघाल्या आन त्या १२१ भाषांखाली बसवल्या. दहा हजारांच्या आतली भाषा 'इतर' मध्ये. छाननी दिल्लीत होते, ती आपल्या हातात नाही, पण फॉर्मातच 'मराठी' पडलं तर छाननीपुढं तुमची भाषा जातच नाही राजेहो! कोरकू तेव्हा सव्वासात लाखांच्या वर भरली. लेकरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय करा असं घटनेचं कलम ३५०-क सांगते, पण मागायला गेलं की पहिला सवाल येतो, बोलणारे किती. मोजणीवाल्यानं ऐकलं नाही तर तिथंच सुपरवायझरचं नाव विचारा, तहसीलमध्ये लेखी द्या, नंतर पाहू म्हणू नका.

कोलामी ही गोंडीचीच बोली, असं एक साहेब म्हणाले. (पांढरकवडा)

साहेबांनी कोणाकडून तरी ऐकलं असेल. दोन्ही द्राविडी, म्हणजे तेलुगू-कानडीच्या कुळातल्या, पण शाखा वेगळ्या. आन कोरकू तर द्राविडीच नाही, ती मुंडा कुळातली, तिचे नातेवाईक तिकडं झारखंडात संथाली, मुंडारी. 'आदिवासी भाषा' नावाची एक भाषा नसते.

गावात निहाली बोलणारी म्हातारी माणसं कमी होत आहेत. अभ्यासवाले दिवाळीनंतर येतो म्हणाले. (जळगाव जामोद)

कोणत्या दिवाळीनंतर? इंग्रजांच्या काळात ग्रियर्सननं केलेल्या भाषांच्या सर्व्हेत निहाली कोरकूसोबत टाकली होती, आज बहुतेक अभ्यासक तिला कोणत्याच कुळात बसवत नाहीत, आन बोलणारे अडीच-तीन हजारांच्या आत. म्हाताऱ्यांची परवानगी घेऊन मोबाईलवर आजच रेकॉर्ड करा, गोष्टी, भांडणं, काहीही, नुसती शब्दांची यादी नको. अर्थ मात्र स्वतः लावू नका, पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या ठिकाणच्या भाषाशास्त्रवाल्यांना विचारा.

गोंडी लिपीचा ऑनलाइन कोर्स, वर 'नोकरीत उपयोगी' सर्टिफिकेट. घेऊ का? (गोंदिया)

शिकायला घ्या, सर्टिफिकेटसाठी नको. गोंडी घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यता असलेल्या भाषांच्या यादीत, नाही. आन 'एकमेव प्राचीन लिपी' म्हणत असतील तर विचारा कोणती: १९१८ ची मसराम, का आदिलाबादकडच्या पोथ्यांतली गुंजाला? दोन्ही युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरवर अक्षरं दाखवायच्या जागतिक पद्धतीत, आहेत, फॉन्ट फुकट मिळतो. पैसे भरायच्या आधी गोंडी बोलणाऱ्या एखाद्या मास्तरला दाखवा.

बंजारा हिंदीत का मोजतात? (दिग्रस)

मोजतात खरं, पण ती राजस्थानीच्या जवळची आहे. तुम्ही 'बंजारा'च सांगा, एकत्र करायचं काम त्यांना करू द्या.