लाईन क्लिअर 'आली' का 'आहे'?

सांगलीच्या एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या आजी लग्नाची बोलणी चालू असली की "तिकडनं लाईन क्लिअर आली का गं?" असं म्हणायच्या, आपण मात्र सगळे "लाईन क्लिअर आहे" म्हणतो, मग आजींचं चुकत होतं का, आणि मुळात हा शब्द फोनच्या लाईनवरनं आलाय का ट्राफिकवरनं?

आजींचं बरोबर होतं ताई, चुकतोय आपण, म्हणजे चुकतोय असंही नाही पण अर्धाच शब्द वापरतोय. शब्द रेल्वेचा आहे आणि तोही तारयंत्राच्या जमान्यातला. मिरजेच्या आसपास हे कुणाला सांगायला लागू नये, तिकडं गल्लीत एखादा तरी पॉइंटमन (गाडीसाठी रूळ बदलणारा) नाहीतर गार्ड असायचाच आणि त्यांची भाषा बायकापोरांच्या तोंडी बसायची.

रेल्वेत लाईन क्लिअर ही 'असायची' गोष्टच नाही, ती मागायची, द्यायची आणि घ्यायची गोष्ट. समजा गाडी भिलवडीत उभी आहे आणि पुढं नांद्र्याला जायचीय. आता भिलवडीच्या मास्तरनं प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन कितीही डोळे ताणले तरी पुढचा रूळ मोकळा आहे का ते त्याला दिसणार नाही, आणि दिसला तरी त्याचा उपयोग नाही, कारण हो म्हणायचा अधिकार नांद्रेवाल्याचा. तो आधी बघणार की आधी सुटलेली गाडी पूर्ण आत आली का, पूर्ण म्हणजे शेवटच्या डब्यावरची एल.व्ही.ची (लास्ट व्हेईकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी नाहीतर रात्री लाल दिवा डोळ्यानं बघायचा, कारण कपलिंग तुटून दोन डबे मधेच राहिले असतील तर? मग आपले सिग्नल परत डेंजरला टाकले का, पहिल्या सिग्नलच्या पुढंही थोडी जागा मोकळी आहे का (जुन्या हातवाल्या सिग्नलला 400 मीटर, नव्या रंगीत दिव्यांना 180), हे सगळं झालं की मग तो लाईन क्लिअर देणार. म्हणून मास्तर लोक "नांद्र्यानं लाईन क्लिअर दिली", "अजून मिळाली नाही" असंच बोलतात. आजींना तेच विचारायचं असणार, आपल्याकडनं सगळं ठीक आहे हो, पण पलीकडच्यांनी हो म्हटलंय का?

आता हा होकार जायचा कशातनं, तर तारेतनं. तार यायच्या आधी विलायतेत एक गाडी सोडली की घड्याळ बघून काही मिनिटं थांबायचं आणि दुसरी सोडायची, पहिली पुढं बंद पडली असेल तर देवाक काळजी. 1839 ला ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं लंडनच्या पॅडिंग्टनपासून वेस्ट ड्रेटनपर्यंत कुक आणि व्हीटस्टन यांचं तारयंत्र टाकलं, साधारण 13 मैल, आणि 1844 मधे नॉर्विच-यार्मथ ही एकेरी लाईन तारेच्या भरवशावर चालवायला सुरुवात झाली. आपल्याकडं पहिली गाडी धावली 1853 ला, कलकत्ता-आग्रा तार चालू झाली 1854 ला, म्हणजे दोन्ही पाठोपाठच आल्या. त्यामुळं 1880 च्या पुढं सदर्न मराठा रेल्वेची पुणे-मिरज मीटरगेज टाकली तेव्हा रुळाशेजारी तारेचे खांब हे ठरलेलंच होतं. कट्ट-कडकट्ट करून निरोप यायचा, तारबाबू तो छापील फॉर्मवर उतरवायचा आणि तो कागद ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी हलायची नाही. यंत्र बंद पडलं तर पेपर लाईन क्लिअर म्हणून कागद द्यायची पद्धत आजही नियमात आहे.

पण नुसत्या निरोपावर भरवसा ठेवला की काय होतं ते त्याच नॉर्विचला दिसलं. 10 सप्टेंबर 1874 ची रात्र. थॉर्प स्टेशनच्या इन्स्पेक्टरनं समोरनं मेल सोडायचा निरोप तारबाबूला सांगितला, सही अजून केली नव्हती, बाबूनं सहीशिवायच तो पाठवून दिला, आणि इन्स्पेक्टर आपल्या बाजूनं एक्स्प्रेस सोडून मोकळा. चूक कळल्यावर मेल थांबवा म्हणून तार केली तर पलीकडनं उत्तर आलं, मेल निघाली. एकेरी लाईनवर समोरासमोर धडक, 25 माणसं गेली. यातनं धडा घेऊन एडवर्ड टायरनं 1878 ला टॅब्लेटचं, म्हणजे चकतीचं, यंत्र काढलं, म्हणजे होकार नुसता शब्दात न ठेवता वस्तूत ठेवायचा. दोन स्टेशनांवरची यंत्रं तारेनं एकमेकांना जोडलेली, आणि दोन्हीकडं मिळून एका वेळी एकच वस्तू बाहेर निघणार. आपल्याकडं नीलचं यंत्र होतं, त्यात टॅब्लेटच्या जागी लोखंडी गोळा. गोळा चामड्याच्या पाकिटात, पाकिटाला वेताची मोठी रिंग, आणि चालत्या गाडीतनं ती रिंग दंडात अडकवून घ्यायची, ज्यांनी बघितलंय त्यांना आठवत असेल. तेव्हा "गोळा मिळाला" म्हणजेच लाईन क्लिअर मिळाली.

फोन आल्यावर तर अजून मजा. फोनवर कुणीही बोलू शकतं, मी नांद्र्याचा मास्तर म्हणून. म्हणून प्रायव्हेट नंबर. प्रत्येकाकडं छापील तक्ता, त्यातला पुढचा न वापरलेला दोन आकडी नंबर सांगायचा, समोरच्यानं रजिस्टरात लिहायचा, आणि तक्त्यात तो खोडायचा. नंबराशिवाय तोंडी हो ला किंमत शून्य. ही अक्कल लग्न जमवणाऱ्यांना असती तर निम्मी भांडणं झाली नसती असं आपलं माझं मत!

तार तुटली की लाईन क्लिअर तुटली, हे 1942-43 ला सातारा जिल्ह्यातल्या पोरांना बरोबर कळलं होतं. प्रतिसरकारच्या काळात रुळाशेजारच्या तारा तोडायचं काम जोरात होतं आणि शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली तो किस्सा सगळ्यांना माहितीय, पण नुसत्या तारा तोडण्यानं काय साधत होतं हे फार कुणी सांगत नाही. रूळ शाबूत असला तरी पुढच्याचा होकार येत नाही म्हटल्यावर गाडी रखडणारच. आजच्या नियमातही सगळा संपर्क तुटला तर एकेरी लाईनवर पुढं जाणारी पहिली गाडी पुढचं स्वच्छ दिसत असलं तरी ताशी 15 किलोमीटरच्या वर न्यायची नाही.

म्हणजे ट्राफिकचा काही संबंध नाही, आणि फोनच्या लाईनचाही नाही. जाता जाता, एकानं "तारा जुळणे" पण यातलंच का असं विचारलंय, तर नाही हो, ते सतार-तंबोऱ्याचं, मिरजेतल्याच दुसऱ्या गल्लीतलं.

एक शंका राहते, क्लिअर तर विशेषण, मग 'आली', 'दिली' कसं? रेल्वेत ते सबंध एकच नाम झालंय आणि लाईन स्त्रीलिंगी म्हणून तेही स्त्रीलिंगी. बाहेर आल्यावर लोकांनी परत दोन तुकडे केले, लाईन वेगळी, क्लिअर वेगळं, आणि मग 'आहे' चिकटलं. आता दोन्ही चालतात, कुणाला टोकायची गरज नाही, फक्त होकार दुसऱ्यानं द्यायचा असेल तिथं मी तरी आजींसारखं "आली का?" असंच म्हणेन.