वडिलांना बोलावण्याआधी

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका विद्यापीठात विज्ञान शाखेत शिकवतो आणि मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर म्हणूनही काम पाहतो. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकणारा, जवळच्याच जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातून आलेला एक विद्यार्थी समलिंगी आहे, ही गोष्ट खोलीतील मुलाने त्याचा मोबाइल उघडून वाचल्यामुळे साऱ्या मजल्यावर पसरली. तेव्हापासून त्याच्या दारावर शिव्या लिहिल्या जातात, मेसमध्ये त्याच्या ताटाशेजारी कोणी बसत नाही आणि तो केवळ झोपण्यापुरता खोलीवर येतो. हे त्यानेच येऊन मला सांगितले. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की त्याच्या वडिलांना बोलावून सर्व सांगावे. मी या विषयावर व्याख्यान ठेवण्याचे सुचवले, तेव्हा उत्तर मिळाले की हे पुण्या-मुंबईचे विषय आहेत, आपल्या भागातील पालकांना कळले तर ते मुलांना इथे पाठवणार नाहीत. शिवाय, माझ्या स्वतःच्या मनातही या विषयाबद्दल अवघडलेपण आहे. अशा माणसाने यात पडावे का?

उत्तर : सर, वडिलांना बोलावू नका. तुमच्या पत्रातील इतर सर्व गोष्टींवर विचार करायला सवड आहे, या एका गोष्टीवर मात्र नाही, कारण एकदा घरी कळले की ते परत घेता येत नाही. तो विद्यार्थी सज्ञान आहे आणि घरी काय सांगायचे, केव्हा सांगायचे, सांगायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा एकट्याचा आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असून लैंगिक कल हा त्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाद्वारे स्पष्ट केले आहे.

कायदा बाजूला ठेवला, तरी आपल्याकडे पुढे काय होते हे तुम्हाला ठाऊक आहे. वडील गावी परततात, दोन दिवसांत भावकीला कुणकुण लागते, शिक्षण थांबवले जाते आणि पुढच्या लग्नसराईपर्यंत मुलगी पाहून तिथी काढली जाते. कोणी देवऋष्याकडे नेते, कोणी मोठ्या शहरातील डॉक्टरांकडे. या लग्नात ज्या मुलीला उभे केले जाते, तिचा विचार कोणीच करत नाही. काय घडले हे तिला कधी सांगितले जात नाही, मूल का होत नाही याचा दोष तिच्या माथी येतो, आणि दोन आयुष्ये एकाच मांडवात मोडतात. गावोगावी अशी लग्ने पूर्वीपासून होत आली आहेत. त्यामुळे हा विषय पुण्या-मुंबईचा आहे, हे म्हणणे मला पटत नाही. तो आपल्याच घरांतला आहे, फक्त आपण तो बोललेला नाही.

डॉक्टरांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजीच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले. लैंगिक कल बदलण्याचे तथाकथित उपचार करणे हा वैद्यकीय व्यवसायातील गैरवर्तनाचा प्रकार आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले आहे. ‘लग्न झाले की सगळे ठीक होते’ हे वाक्य कोणी तुमच्यासमोर उच्चारले, तर ते तिथेच थांबवा.

आता दारावरच्या शिव्यांविषयी. यासाठी समाजाचे मत बदलण्याची वाट पाहण्याची गरज नाही, कारण हे रॅगिंग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली आणि लैंगिक कल किंवा लिंगभाव यावरून दिलेला शारीरिक वा मानसिक त्रासही त्यात स्पष्ट शब्दांत आला. तुमच्या वसतिगृहातील प्रत्येक मुलाने आणि त्याच्या पालकांनी प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्र भरून दिले आहे. तेव्हा दार आजच रंगवून घ्या, त्याआधी छायाचित्र काढून ठेवा, आणि मोबाइल उघडणाऱ्या मुलाला बोलावून त्याने काय केले आहे हे नियमावर बोट ठेवून समजावा. खोली बदलायची झाल्यास त्या मुलाची बदला. त्रास सोसणाऱ्याने स्वतः मागितले, तरच त्याला हलवावे.

लेखी तक्रार करताना मात्र घाई नको. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, तर घरी कळण्याची शक्यता निर्माण होते, म्हणून प्रत्येक पायरीवर त्या विद्यार्थ्याला विचारा, त्याला सगळे परिणाम समजावून सांगा आणि तो ‘नको’ म्हणाला तर त्याच्या शब्दाला मान द्या. तक्रार नसतानाही मजल्यावर फेऱ्या वाढवणे, मेसमध्ये स्वतः जाऊन त्याच्या शेजारी जेवायला बसणे, हे रेक्टरच्या हातात असतेच. तुम्ही चार दिवस शेजारी बसलात, तर पाचव्या दिवशी आणखी कोणी बसेल, असे मला मनापासून वाटते. जीव नकोसा झाल्याचे विचार मनात येतात का, हेही त्याला एकांतात थेट विचारा. विचारल्याने तसे विचार येत नाहीत, उलट आत कोंडलेले बोलायला वाट मिळते. १४४१६ या टेलिमानसच्या दूरध्वनी क्रमांकावर शासनाची मोफत समुपदेशन सेवा मराठीतूनही मिळते, आणि पुण्यातील समपथिक ट्रस्ट ही संस्था २००२ पासून याच विषयावर काम करत आली आहे.

व्याख्यानाचे म्हणाल, तर या सत्रात ते ठेवू नये असे माझे मत आहे, मात्र तुमच्या सहकाऱ्यांच्या कारणासाठी नव्हे. आज ते झाले, तर सभागृहातील प्रत्येक नजर त्या एका मुलाकडे वळेल. पुढील वर्षी नव्या विद्यार्थ्यांना रॅगिंगचे नियम वाचून दाखवाल, तेव्हा लैंगिक कलाचा शब्दही न कचरता मोठ्याने वाचा, आणि त्याआधी शिपाई, पहारेकरी व मेसचालक यांना बसवून सांगा.

आपला भाग अजून तयार नाही, या म्हणण्याविषयी एक आठवण करून द्यावीशी वाटते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या वर्षांत शांततेच्या नावाखाली थांबायला सांगितले गेले, आणि त्या थांबण्याची किंमत ज्या दलितांनी मोजली त्यांची घरे जाळली गेली. दोन्ही प्रश्न एक नाहीत. पण माणसाच्या प्रतिष्ठेची बाब भाग तयार होईपर्यंत लांबणीवर टाकली की तिचा भार कोणावर पडतो, हे मराठवाड्याला कोणी शिकवायला नको.

तुमच्या अवघडलेपणाबद्दल मला काळजी वाटत नाही. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा आहे; आपण सारे त्याआधीच्या वातावरणात वाढलो. त्या मुलाने तुमचे मत विचारलेले नाही, त्याला निर्धास्तपणे पदवी पूर्ण करायची आहे. तेवढे करून देण्यासाठी मन पूर्ण मोकळे होण्याची अट नाही. तो बोलेल तेव्हा ऐका, उपदेश करू नका, आणि त्याचे नाव विभागातल्या चहाच्या गप्पांत येऊ देऊ नका.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. दिवाळीच्या सुटीत वसतिगृह बंद होत असेल, तर त्याच्या तालुक्यातील मुले त्याच्या आधी गावी पोहोचलेली असतील आणि बातमीही. त्याला इथेच थांबायचे असल्यास प्रयोगशाळेतील कामाचे कारण देऊन राहण्याची लेखी परवानगी आताच काढून ठेवा आणि जेवणाची सोयही करा.