चौकातला तो फोटो

प्रिय ईरा,

आजीने पाठवलेला फोटो पाहून तू विचारलंस, की चौकातल्या फलकावर हार घातलेले ते पोलीस आपले कोण लागतात आणि आजी तिथे पणती का लावते.

नात्याने कोणी नाहीत. ते तुकाराम ओंबळे, सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याचे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री दहा अतिरेकी समुद्रातून मुंबईत शिरले. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत ओंबळ्यांनी त्यांच्यातल्या कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. जवळ फक्त लाठी. गोळ्या त्यांनी अंगावर घेतल्या, म्हणून तो एकटा जिवंत हाती लागला.

मी तेव्हा ठाण्यात होते. टीव्ही बंद करवत नव्हता आणि बघवतही नव्हता. शेजारच्या काकू स्वतःचा टीव्ही सोडून आमच्याकडे येऊन बसायच्या. एकटीने बघायचं धाडस होत नाही, म्हणायच्या. चॅनेलवाल्यांनी तर कमांडोंच्या हालचालीही थेट दाखवल्या. सुप्रीम कोर्टाने २०१२च्या निकालात त्यांना फटकारलं, ते बरंच झालं.

१६६ माणसं गेली. एवढ्यांसाठी एकदम रडता येत नाही गं, एखादा चेहरा समोर लागतो. मग करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे या त्या रात्री गेलेल्या पोलिसांचे फोटो नाक्यानाक्यावर लागले. आपल्याकडे कोणी गेलं की सोसायटीच्या फळ्यावर खडूने नाव येतं, चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फलक लागतो. तेच या परक्या माणसांसाठी झालं आणि ती आळीतली झाली. गेटवेवर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन जमले होते, पण मला आपले नाक्यावरचे फलकच जवळचे वाटले. (काही फलकांवर हुतात्म्यापेक्षा नगरसेवकाचा फोटो मोठा असतो, ते सोड.)

एक गोष्ट मात्र खटकते. टीव्हीवर दिसायचा तो ताजचा धुरातला घुमट. सीएसटीवर पन्नासहून जास्त माणसं गेली, गाडीची वाट बघत बसलेली. त्यांचे फलक कुठे लागले? आजी नोकरीसाठी वर्षानुवर्षं त्याच स्टेशनावर उतरायची. पणती त्यांच्यासाठीही असते, असं ती म्हणते.

आणि हो, तुला कोळी आवडतात ना? २०२१मध्ये ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला शास्त्रज्ञांनी ओंबळ्यांचं नाव दिलंय, ‘आयसियस तुकारामी’. आजीला हे ठाऊक नसेल. रविवारच्या फोनवर तूच सांग.

तुझी,
आई