गारपीट, गारपीठ नव्हे

प्रश्न आला आहे : फ्रान्समधल्या ‘आयटर’ या संलयन भट्टीवरच्या (हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्यासाठीची भट्टी) लेखात ‘शॅटर्ड पेलेट इंजेक्शन’ला ‘गोठित गुटिका अंतःक्षेपण’ म्हटलंय, ते योग्य का?

नाही. ‘शॅटर्ड’च, म्हणजे ‘चुरा झालेली’ हेच गाळलंय, आणि सगळी मेख त्यातच आहे. हायड्रोजन आणि निऑन उणे २६० अंशांच्याही खाली गोठवून सुमारे २८ मिलिमीटर जाडीची गोळी करतात, वायूच्या दाबाने नळीतून सोडतात. नळीच्या टोकाला मुद्दाम बाक दिलेला असतो. त्यावर आपटून गोळीचा चुरा होतो आणि तोच आत जातो. भट्टीतल्या पंधरा कोटी अंशांच्या प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूचा, तोल सुटला, तर काही मिलिसेकंदांत सारी उष्णता भिंतीवर आदळते. निऑन ती प्रकाशरूपाने चहूकडे उधळून टाकतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने हे तंत्र घडवलं, इंग्लंडमधल्या ‘जेट’ या संलयन भट्टीवर ते पारखलं गेलं.

आता सांगा, गोठलेले कण वरून सडासड येऊन आदळतात, त्याला आपण काय म्हणतो? गारपीट! आयता शब्द घरात असताना गुटिका कशाला?

आणि कृपा करून ‘गारपीठ’ लिहू नका. दर वर्षी अवकाळी पाऊस आला की हे वाचावं लागतं. ‘गारांनी पिकाचं पीठ होतं म्हणून गारपीठ’ अशी व्युत्पत्ती जाणकार म्हणवणारेही ठोकून देतात. साफ चूक. पीठ आलं ‘पिष्ट’वरून. संस्कृत ‘ष्ट’चा प्राकृतात ‘ट्ठ’ होतो, मराठीत ‘ठ’ : अष्टचे आठ, मुष्टीची मूठ, पिष्टाचं पीठ. (इष्टकेची ‘वीट’ झाली, ठाऊक आहे, पण एका विटेवर नियम पडत नाही.) ‘पीट’ मात्र प्राकृत ‘पिट्ट’चं, म्हणजे मारणं, बडवणं. दवंडी पिटतात ती हीच. गारा पिकाला पिटतात, म्हणून गारपीट. ‘गार’सुद्धा किती नेमका : तोच शब्द थंडही आणि गारगोटीतला टणक दगडही. माझ्या मते थंडाव्याचा अर्थ आभाळातल्या गारेवरूनच पुढे पसरला.

भट्टीत गोळीचं खरोखर पीठ होतं, हे कबूल. तरीही शब्द गारपीटच, कारण मार आधी, चुरा नंतर.

‘इंजेक्शन’चं राहिलंच. इथे सुई नाही, ‘मारा’ म्हणा.