गिटारचा अ‍ॅम्प खरखरतोय? उघडायच्या आधी हे बघ

अरे थांब, लगेच स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नकोस. आधी दुसरी केबल आणि दुसरी गिटार लावून बघ, बरेचदा केबलच गेलेली असते आणि लोक अ‍ॅम्पला शिव्या घालत बसतात.

आवाज मधेच बारीक होत असेल आणि मागे सेंड-रिटर्नचे जॅक (बाहेरचे इफेक्ट जोडायचे) असतील तर त्या दोघांत छोटी पॅच केबल लाव, आवाज परत आला की समज रिटर्न जॅकच्या आतला कॉन्टॅक्ट काळा पडलाय, आपल्याकडच्या पावसाळ्यात हे होतंच. नॉब फिरवताना खरखर होते त्यालाही औषध तेच, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचार. भिंतीतला प्लग काढून, अ‍ॅम्प न उघडता, पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या भागाच्या) फटीत थोडासा मार, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याचदा फिरव, आणि मग नीट वाळू दे.

व्हॉल्यूम शून्यावर, गिटार काढलेली, तरी घूंऽऽ चालूच? मग बहुतेक पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून ती सपाट करणारे भाग) गेलेत. इथे मात्र तू हात घालू नकोस, विशेषतः व्हॉल्व्हवाला (आत काचेच्या नळ्या असलेला) अ‍ॅम्प असेल तर, कारण प्लग काढल्यावरही त्यात ३००-४०० व्होल्ट साठलेले राहू शकतात. गुपचूप मेकॅनिककडे ने.

आणि पेठेतल्या जुन्या घरात राहतोस ना, सॉकेटला अर्थिंग आहे का तेवढं वायरमनला विचार. घूं जावी म्हणून प्लगची अर्थ पिन काढणारे महाभाग असतात, त्यांचं ऐकू नकोस. फ्यूज उडाला तर त्याच रेटिंगचा टाक, परत उडाला तर तिसरा टाकायचा नाही.